गोंगाटातून हवा तोच सॅटेलाइट कसा ऐकायचा? बीमफॉर्मिंग सोप्या भाषेत

आमच्या गच्चीवरची टीव्हीची डिश माकडांनी जरा हलवली की मॅच गायब! त्यामुळे स्टारलिंकच्या सपाट डिशचा व्हिडिओ पाहिला तेव्हा मला प्रश्न पडला. टीव्हीचा सॅटेलाइट आपल्याला एकाच जागी दिसतो. हे तर साधारण 550 किमी उंचीवरून सेकंदाला 7 किमीपेक्षा जास्त वेगाने पळतात. मग जागची न हलता डिश त्यांना पकडते कशी, आणि नको ते सिग्नल गाळते कशी?

याचं उत्तर आहे बीमफॉर्मिंग.

हे काम कसं करतं?

या डिशमध्ये शेकडो छोटे अँटेना शेजारी-शेजारी बसवलेले असतात. यालाच अँटेना अॅरे म्हणतात. रस्सीखेच आठवा: सगळ्यांनी एका दमात ओढलं की ताकद वाढते, अर्ध्यांनी उलट ओढलं तर दोर जागचा हलत नाही. रेडिओ लहरींचंही तसंच असतं.

एक छोटं गणित बघू. 12 गिगाहर्ट्‌झची लहर 2.5 सेमी लांब असते. दोन अँटेना 1.25 सेमी अंतरावर ठेवले, तर बरोबर डोक्यावरून आलेला सिग्नल दोघांवर एकाच वेळी पडतो आणि बेरीज होते. पण त्यांच्याच रेषेत बाजूने आलेला सिग्नल दुसऱ्या अँटेनापर्यंत अर्धी लहर उशिरा पोचतो. एकाचा उंचवटा, दुसऱ्याचा खड्डा. बेरीज जवळपास शून्य! या 'बहिऱ्या' दिशेला नल म्हणतात.

प्रत्येक अँटेनाचा सिग्नल चिप किंचित पुढे-मागे करते. त्यामुळे बीम आणि नल दोन्हींची दिशा बदलता येते, तीही काहीच न हलवता. अँटेना जितके जास्त, तितका बीम अरुंद.

मग अडचण कुठे येते?

हवा तो आणि नको तो सिग्नल जवळजवळ एकाच दिशेने आले की नल टाकताना हवा तो सिग्नलही कमजोर होतो. आपले डीटीएच सॅटेलाइट सुमारे 36,000 किमीवर आहेत आणि तेही केयू बँडच वापरतात. खालचा सॅटेलाइट नेमका त्यांच्या रेषेत आला, तर टीव्हीत व्यत्यय येऊ शकतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही काळजी खालच्या सॅटेलाइटवाल्यांनी घ्यायची असते. त्यावर साधा उपाय म्हणजे तेवढ्या वेळापुरता बीम आकाशातल्या दुसऱ्या सॅटेलाइटकडे वळवणे.

माकडांवर मात्र अजून उपाय सापडलेला नाही!