बाँड नाही, शब्द!

१९९८ साली जॉर्जेस आणि मिच या चक्रीवादळांनी कॅरिबियन बेटं आणि मध्य अमेरिकेत हाहाकार माजवला. क्युबाने डॉक्टर पाठवले. पण ते परतल्यावर काय? म्हणून १९९९ मध्ये हवानाजवळ, नौदल अकादमीच्या जागेत, ‘एलाम’ हे वैद्यकीय विद्यापीठ सुरू झालं. परदेशातल्या गरीब घरच्या मुलांना शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. शिकता शिकताच वस्तीतल्या दवाखान्यात काम. पुढे अमेरिकेतूनही मुलं आली. बदल्यात फक्त शब्द द्यायचा: डॉक्टर झाल्यावर गोरगरिबांत काम करीन.

क्युबाची राजवट मला पटत नाही. पण आपल्याकडे सरकारी कॉलेजात शिकून, दंड भरून अनेकांनी बाँडची सेवा टाळली. मग गावातल्या रिकाम्या दवाखान्याचं काय, सांगा बरं?