यादीत नाव आहे का?

१८७३ साली मुंबई महापालिकेसाठी मत द्यायचं असतं, तर तुमचं वय २१ पूर्ण असावं लागलं असतं आणि वर्षाला निदान ५० रुपये पालिकेचा कर तुम्ही भरत असायला हवा होता. तेव्हाचे ५० रुपये म्हणजे किती, याचा हिशेब करत बसायची गरज नाही. घरमालक, दुकानदार, घोडागाडी बाळगणारा यांच्यासाठीची ती रक्कम होती. घोडागाडी धुणाऱ्यासाठी नव्हती. शहर चालवायला ज्यांनी पैसे दिले, मत त्यांचं. बाकीच्यांनी शहरात राहायचं फक्त.

हे मतसुद्धा कुणी प्रेमाने दिलेलं नव्हतं. १८६५पासून मुंबईत आर्थर क्रॉफर्ड नावाचे म्युनिसिपल कमिशनर होते. क्रॉफर्ड मार्केट त्यांच्याच नावाचं. माणूस झपाट्याने काम करणारा: रस्ते, गटारं, मंडई, सगळं. खर्चही त्याच झपाट्याने. त्याच सुमाराला कापसाच्या तेजीचा फुगा फुटला होता, शेअरबाजारात भलेभले बुडाले होते आणि पालिका मात्र करावर कर लावत होती. करदाते चिडले. एका अधिकाऱ्याने आमच्या पैशावर मनमानी करायची आणि आम्ही विचारायचंही नाही?

१८७१ साली फिरोजशहा मेहता ऐन पंचविशीत होते. त्यांनी भर सभेत जरा अडचणीचा मुद्दा मांडला. कमिशनरचे अधिकार काढून घेऊन प्रश्न सुटणार नाही, करदात्यांनी निवडलेले लोक त्याच्यावर लक्ष ठेवायला बसवा, असं त्यांचं म्हणणं. संतापलेल्या श्रोत्यांना ते अजिबात आवडलं नाही. पण १८७२चा कायदा बराचसा त्याच वाटेने गेला. ६४ सदस्यांची महापालिका, त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडलेले. उरलेले सरकारने नेमलेले आणि 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींनी निवडलेले.

शाळेच्या पुस्तकात याला 'स्थानिक स्वराज्याची सुरुवात' म्हणतात. मला ती गिऱ्हाइकांनी बिल तपासायला मागितल्याची गोष्ट वाटते. चांगलीच गोष्ट आहे, पण लोकशाही अजून लांब होती.

पुण्यात जोतीराव फुले १८७६ ते १८८२ नगरपालिकेत होते, तेही निवडून आलेले नव्हे, नेमलेले. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा विरोधात मत दिलं ते एकट्या फुल्यांनी. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं ते म्हणत होते. ठराव अर्थातच मंजूर झाला.

मुंबईत दार जरा उघडलं ते १९२२ साली. महिन्याला १० रुपये भाडं भरणाऱ्या भाडेकरूलाही मत मिळालं. गिरणगावातल्या बऱ्याच खोल्यांचं भाडं त्याहून कमी होतं, म्हणजे गिरणी कामगार बहुतेक बाहेरच. तरी यादी वाढली. पुढच्याच वर्षी सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले महापालिकेच्या सभागृहात आल्या.

नगरपालिकेच्या मताने काय होतं, असं कुणी विचारलं की मला महाड आठवतं. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं करायचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं त्या तळ्यावर जाऊन पाणी प्यायली, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. आणि ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला. सभागृहात हात वर झाले आणि तळं पुन्हा बंद. मामला कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७च्या मार्चमध्ये. दहा वर्षं, एका तळ्यासाठी. कर आणि मालमत्तेवर उभ्या असलेल्या मताधिकारात, ज्यांच्या पाण्याचा निर्णय होत होता त्यांचा वाटा किती असणार?

१९४८ साली मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती, त्याच्या तीन वर्षं आधी. चाळीतल्या माणसाला दिल्लीच्या आधी नळ आणि गटारासाठी मत मिळालं. हे आपण फार कमी सांगतो.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने पालिकांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं घटनेत लिहिलं. तरी मार्च २०२२मध्ये मुंबई-पुण्याची मुदत संपली ती संपलीच. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद कोर्टात चालू, आणि आयुक्तच प्रशासक. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. जवळजवळ चार वर्षं एक अधिकारी आणि करदाते, मध्ये नगरसेवक नाही. क्रॉफर्ड साहेबांना ओळखीचं वाटलं असतं.

आणि यादी? तीही आहेच. राज्य निवडणूक आयोग पालिकेसाठी वेगळी मतदार यादी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि प्रभागांत वाटतो. या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. ज्यांना ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली ते मतदानाच्या दिवशी जवळजवळ साडेअठरा वर्षांचे होते, पण यादीत नव्हते. म्हणून नाव नोंदवायचं ते निवडणूक जाहीर झाल्यावर नाही, आत्ता, विधानसभेच्या यादीत. खोली बदलली असेल तर पत्ताही आत्ताच बदलायचा. हातात मतदार ओळखपत्र असून यादीत नाव नसेल, तर परत यावं लागतं.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक, म्हणून एकच मत. पुण्यात बहुतेक प्रभाग चार जणांचे. जागा अ, ब, क, ड अशा, आणि प्रत्येक जागेसाठी एक मत. चारही एकाच पक्षाला द्यायला हवीत असं काही नाही. जागा महिलांसाठी किंवा अनुसूचित जातीसाठी राखीव असली, तर अट उमेदवाराला असते, मतदाराला नाही. त्या जागेसाठीही सगळ्यांनीच मत द्यायचं. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे 'नोटा' दाबायचं, पण ती जागा सोडून पुढे जायचं नाही. चारही बटणं दाबून झाली की मगच तो लांब आवाज येतो.