राणीच्या बागेंतील वृक्ष, झुडपें व वेली

महोत्सवाच्या वर्षीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे धर्मगुरूंचीं नांवें, मंदिराचा पाया व शाळेचा आरंभ यांची नोंद करावी, अशी वहिवाट आहे. आणि ती योग्यच आहे. परंतु वेदीवर वाहिलेलीं फुलें मूळचीं कोणत्या देशचीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या सेलूकडे काळी जमीन. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, व एक झाड जगविणें म्हणजे तपश्चर्याच. अशा ठिकाणीं तर हा प्रश्न अवश्य विचारावा. त्याचें उत्तर शोधूं लागलें असतां मुंबईच्या भायखळ्यास, राणीच्या बागेंत जावें लागतें.

पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि व उद्यानविद्या मंडळाची बाग पूर्वीं शिवडीस होती. पुढें भायखळ्यास नवी बाग तयार झाली, व 19 नोव्हेंबर 1862 रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्तें ती लोकांस खुली करण्यांत आली. डॉ. जॉर्ज बर्डवूड व डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानांनीं ह्या कामीं पुष्कळ झीज सोसली. व्हिक्टोरिया राणीचें नांव बागेस मिळालें, आणि लोकांनीं तिला सरळ ‘राणीची बाग’ करून टाकलें. 1873 सालीं ती नगरपालिकेकडे आली. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. इकडे शिवडीची जुनी जागा 1865 सालीं ख्रिस्ती दफनभूमीसाठीं घेण्यांत आली. प्रभु येशूला ज्या कबरेंत ठेविलें ती एका बागेंतच होती, असें संत योहान सांगतो. तेव्हां बागेच्या जागीं दफनभूमि झाली यांत ख्रिस्ती मनास विपरीत वाटण्याचें कारण नाहीं.

राणीच्या बागेंतील वृक्षांचीं कुळें पाहिलीं तर मोठें नवल वाटतें. लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते घोस मिरविणारी उर्वशी ब्रह्मदेशची. अवाढव्य बुंध्याची गोरखचिंच आफ्रिकेची. ज्याच्या फुलांत भाविकांस नागाच्या फडीखालील शिवलिंग दिसतें, तो कैलासपती तर दक्षिण अमेरिकेचा! वैशाखांत आमच्या रस्त्यांवर पेटल्यासारखा फुलणारा गुलमोहर मादागास्कर बेटांतला. परक्या मातींतून आलेल्या ह्या वृक्षांस लोकांनीं आपलीं नांवें दिलीं, आणि ते आपले झाले.

झुडपें व वेली यांचीही हीच कथा आहे. दफनभूमींत हटकून आढळणारा पांढरा चाफा अमेरिका खंडांतला. शास्त्रज्ञांनीं त्याच्या कुळास शार्ल प्ल्यूमिए (1646–1704) ह्या मिनिम संघाच्या फ्रेंच बंधूचें नांव दिलें. बोगनवेल ब्राझीलची. 1767 सालीं बूगँव्हिल ह्या नाविकाबरोबर निघालेल्या फिलिबेर कॉमर्सन यांनीं ती टिपली व तिला आपल्या कप्तानाचें नांव मिळालें. तिचा जो रंग आपण पाकळ्यांचा समजतों तो वस्तुतः फुलाभोंवतालच्या पानांचा असतो. आणि कृष्णकमळाची वेल! त्या फुलांतील पांच पुंकेसरांत स्पेनच्या मिशनऱ्यांनीं प्रभूच्या पांच जखमा पाहिल्या, तीन शेंड्यांत तीन खिळे पाहिले, व सभोंवतालच्या तंतूंत कांट्यांचा मुकुट पाहिला. आमच्या शेजाऱ्यांनीं त्याच तंतूंत शंभर कौरव व त्या पांचांत पांडव पाहिले. फूल तेंच, ज्याच्या हृदयांत जी कथा, ती त्याला तेथें दिसली.

आमचा धर्म परका, असें अधूनमधून आमच्या कानांवर येतें. त्यावर वादविवाद करण्यापेक्षां ह्या झाडांकडे बोट दाखवावें. मात्र दुसरी बाजूही लपवूं नये. घाणेरी हें झुडूप असेंच अमेरिकेंतून बागेच्या शोभेसाठीं आणलें गेलें, आणि पुढें त्यानें रानेंच्या रानें व्यापून तेथील मूळच्या वनस्पतींचा जीव कोंडला. तेव्हां परक्याचें आपलेपण नुसत्या वास्तव्यानें सिद्ध होत नाहीं. तो शेजाऱ्यास सावली देतो कीं त्याची जागा हिरावतो, यावर तें ठरतें. धर्मग्रामालाही हीच कसोटी लागू आहे.

ह्या कसोटीस उतरलेले दोन येशूसंघीय धर्मगुरु येथें स्मरले पाहिजेत. स्वित्झर्लंडचे फा. एथेलबर्ट ब्लॅटर (1877–1934) यांनीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह उभा केला. तो आजही त्यांच्या नांवानें ओळखला जातो. वॉल्टर मिलार्ड यांच्या सहकार्यानें त्यांनीं हिंदुस्थानांतील सुंदर वृक्षांवर लिहिलेला ग्रंथ 1937 सालीं, म्हणजे त्यांच्या मागें, प्रसिद्ध झाला. स्पेनचे फा. सांतापाऊ (1903–1970) यांनीं खंडाळ्याच्या वनस्पतींचा कसून अभ्यास केला. पुढें ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले, व 1967 सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. दोघेही परदेशांत जन्मले. दोघांनींही ह्या भूमींतील पानपान ओळखून घेतलें.

एवढी जुनी बागही निर्धास्त नाहीं. 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा आराखडा निघाला, तेव्हां झाडांस धोका पोंचेल म्हणून नागरिक पुढें सरसावले. त्यांत स्त्रिया अग्रभागीं होत्या. शंभर वर्षांनीं वाढलेला वृक्ष एका दिवसांत पडतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

म्हणून आमची नम्र सूचना अशी कीं, ह्या महोत्सवाची आठवण केवळ संगमरवरी पाटीवर राहूं नये. प्रत्येक कुटुंबानें एक झाड लावावें. बोगनवेल व चाफा थोड्या पाण्यावर तगतात, कडुनिंब तर आपल्याच मातीचा. रोप लावणें एका सकाळचें काम आहे. पहिले तीन उन्हाळे त्यास पाणी घालणें हीच खरी भक्ति. पुढील महोत्सवास जे जमतील, त्यांस त्या सावलींत बसतां यावें, एवढीच परमेश्वराजवळ प्रार्थना.