दारातला मोहसल

बीडची छागल एके काळी नावाजलेली होती. चामड्याची ही पाण्याची पिशवी आणि काठीत दडवलेली गुप्ती, या दोन वस्तूंसाठी गाव ओळखलं जाई. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरनेही त्यांची नोंद घेतली. अशा वस्तू घडवणारे कारागीर आणि दुकानदार यांच्यावर दख्खनेत बसणारा कर म्हणजे मोहतर्फा.

कर थकला की येई मोहसल. हा सरकारी शिपाई थकबाकीदाराच्या दारात ठाण मांडून बसायचा आणि त्याच्या भत्त्याचा भार त्याच घरावर पडायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला न सांगता सगळं कळायचं. उधारीवर माल आणून विकणाऱ्याचं खरं भांडवल म्हणजे पत. ती या बसण्यानेच जायची. बाकी नंतर फिटली तरी पत लगेच परतत नसे.

विक्रीकर बीडला आला तो निजामी राजवट संपल्यावर, हैदराबाद राज्याच्या 1950 च्या कायद्याने. पुढे 15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, स्थावराचा लिलाव, प्रसंगी अटक अशी तिची चढती पायरी. विक्रीकराची बाकीही जमीन महसुलाच्या थकबाकीसारखीच वसूल होई. म्हणजे ज्याच्या नावावर गुंठाभर शेत नाही, असा किराणा दुकानदारही याच वाटेने जायचा. स्थावराच्या लिलावाची वर्दी दवंडी पिटून द्यायची, असं संहितेतच लिहिलेलं आहे. मोहसल गेला, डफ उरला.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला. या कायद्याचं कलम 158 व्यापाऱ्याची माहिती गोपनीय ठेवायला सांगतं, तर कलम 159 लोकहितासाठी नावं प्रसिद्ध करायची मुभा देतं. दंडाच्या बाबतीत मात्र अपिलाची मुदत टळेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव छापता येत नाही. ही सवलत मोलाची आहे. चुकीच्या आकारणीने गेलेली अब्रू कोणताही परतावा भरून देत नाही.

पण वसुली दुसऱ्या दारानेही येते. कलम 79 खाली अधिकारी बँकेला किंवा व्यापाऱ्याचं देणं असलेल्या गिऱ्हाइकालाच पत्र धाडतो: ते पैसे आता सरकारात भरा. सरकीचे पैसे द्यायचे राहिलेल्या घाणीवाल्याच्या हाती असं पत्र पडलं, की बातमी आडतीवर पोचायला संध्याकाळ लागत नाही.

शिवाय जीएसटी क्रमांक टाकला की कोणालाही दिसतं: नोंदणी चालू की रद्द, विवरणपत्रं कधी भरली. विकणाऱ्याने कर भरला नाही तर घेणाऱ्याची करवजावट अडकते. म्हणून मोंढ्यातला मुनीम बिल हाती घेण्याआधी मोबाईलवर तो पंधरा अक्षरांचा क्रमांक टाकून पाहतो.