नागोयाची तार, वऱ्हाडची वरात

विदर्भातल्या वरातींत आणि विसर्जनाच्या मिरवणुकांत ज्याला बँजो म्हणतात, त्याचा अमेरिकेतल्या गोल, कातडी मढवलेल्या बँजोशी नावापलीकडे काही संबंध नाही. हा बँजो म्हणजे एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि तारांच्या वर टाइपरायटरसारख्या कळांच्या ओळी असतात. डाव्या हाताची बोटे कळा दाबतात, उजव्या हातातली नखी तारा छेडते. या वाद्याचा मूळपुरुष जपानी आहे.

नागोया शहरातल्या मोरिता गोरो या वादकाने 1912 साली ते तयार केले. मोरिता परदेशात फिरून आला होता. तिकडे पाहिलेल्या टाइपरायटरची कळ त्याने जपानच्या दोन तारांच्या जुन्या वाद्याला जोडली. त्याच वर्षी जपानात तैशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली, म्हणून वाद्याचे नाव तैशोगोतो पडले. नावातला ‘गोतो’ म्हणजे कोतो, हे जपानचे प्रतिष्ठित तंतुवाद्य आहे. ते शिकायला वर्षे लागतात आणि विकत घ्यायला बराच पैसा लागतो. तैशोगोतोच्या कळांवर आकडे होते, गाणीही आकड्यांतच लिहून मिळत. सामान्य घरातल्या माणसाला थोड्या दिवसांत ओळखीची चाल वाजवता यावी, एवढाच त्यामागचा हेतू होता आणि तो पूर्ण झाला.

हे वाद्य 1930 च्या दशकात भारतीय उपखंडात आले असे मानले जाते. इथे ते बुलबुल तरंग, जपानी बँजो किंवा नुसता बँजो या नावांनी ओळखले जाऊ लागले. त्याला जादा तारा जोडून शाही बाजा तयार झाला. बलुचिस्तानात पेटी लांबरुंद झाली आणि बेंजू या नावाने ते तिथल्या लोकसंगीतातले प्रमुख वाद्य बनले. महाराष्ट्रात त्याची दोन रूपे शेजारी शेजारी नांदली. एक घरातले, मुलांना सुट्टीत घेऊन दिलेले लहानसे बुलबुल तरंग. दुसरे कव्वालीच्या बैठकीत आणि पुढे रस्त्यावर पोचलेले, धंद्याचे वाद्य. संगीताच्या इतिहासात या दुसऱ्या रूपाची नोंद फार थोडी झाली आहे. महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी शब्दांविना वाजणारे संगीत सर्वांत जास्त ऐकले ते याच वाद्यावर. त्यामुळे ही उणीव लहान नाही.

शास्त्रीय संगीताच्या जगाने कळांच्या वाद्यांना कधीच सहज जवळ केले नाही. कळ दाबली की ठरलेला स्वर निघतो, दोन स्वरांच्या मधली जागा मिळत नाही, हा आक्षेप हार्मोनियमवर घेतला गेला. आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. बँजोला तर बंदी घालण्याइतकेही महत्त्व कोणी दिले नाही. कळ दाबली की तिच्या टोकाची धातूची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते, त्यामुळे मींड काढणे अवघड, हे खरे. पण हार्मोनियममध्ये स्वर भात्याच्या हवेने कंपणाऱ्या पात्यांतून येतो आणि बँजोत प्रत्यक्ष तारेतून, हा मोठा फरक आहे. तार हाताच्या आवाक्यात असते. कळपेटीच्या बाहेर राहिलेला तिचा भाग दाबला की ताण वाढतो आणि स्वर वर चढतो. कळेवरचा दाब कमी-जास्त केला तर स्वर थरथरतो. बँजोच्या चांगल्या वादकाची सगळी कारागिरी या फटीतून जन्माला आली.

कव्वालीने या वाद्याला पहिली मोठी जागा दिली. हार्मोनियम, ढोलक आणि टाळ्यांच्या गदारोळातही बँजोचा टणत्कार वेगळा ऐकू येई. गायक ओळ म्हणून थांबला की तीच ओळ बँजो उचलून धरत असे. मुंबईच्या कव्वालांबरोबर तो रुळला आणि रेकॉर्डवरून गावोगावी पोचला. विदर्भात या परंपरेला आणखी एक फांदी फुटली. नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्यानंतर बुद्ध-भीमगीतांचे कार्यक्रम गावोगाव वाढले आणि त्यांतल्या अनेकांनी कव्वालीचा साज उचलला. नागोराव पाटणकर, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी भीमगीते कव्वालीच्या ढंगात लोकप्रिय केली. रात्रभर चालणाऱ्या अशा कार्यक्रमांत दोन अंतऱ्यांमधली जागा भरून काढणे हे बँजोवाल्याचे काम होते. या मधल्या जागांतच वादक गाण्याच्या चालीपासून थोडे दूर जाऊन पुन्हा समेवर यायला शिकला.

यवतमाळ जिल्ह्यात मिरवणुकीचे संगीत त्याआधीही भरपूर होते. डफडे, सनई आणि ताशा ही लग्नाची वाद्ये. बंजारा तांड्यांवर नगारा आणि थाळी, गोंड-कोलामांच्या पाड्यांवर ढोल आणि दंढारीचा ताल. मोठ्या गावांत पितळी वाद्यांचे बँड आले. जिल्हा कापसाचा आहे. हंगामातला माल विकून हातात पैसा आला की पुढच्या पेरणीच्या आत, उन्हाळ्यात, लग्ने उरकायची हा इथला जुना क्रम. त्यामुळे वाजंत्र्यांची कमाई वर्षातल्या थोड्या महिन्यांत गोळा होई. लग्नांपलीकडे पोळा आणि गणपती होते, 14 एप्रिलची भीमजयंती होती, 15 फेब्रुवारीची सेवालाल महाराजांची जयंती होती, दर्ग्यावर चंदन नेताना निघणारी संदलची मिरवणूक होती. यवतमाळ शहराचा दुर्गोत्सव तर साऱ्या विदर्भात गाजणारा. एवढ्या प्रकारच्या मिरवणुकांना, एवढ्या वेगवेगळ्या समाजांना चालेल असे वाद्य हवे होते. भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली, लावणी आणि सिनेमाचे गाणे हे सगळे एकाच वादकाला वाजवता आले पाहिजे, अशी या धंद्याची अट होती. सनईवाल्याला ती सहज पाळता येत नव्हती आणि पितळी बँडला माणसे जास्त लागत. बँजोला एक वादक पुरे. अडचण एकच होती, आवाजाची. उघड्या रस्त्यावर ताशापुढे लाकडी पेटीचा आवाज पोचत नसे.

ही अडचण विजेने सोडवली. पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी ठेवली की तारेच्या कंपनातून गुंडाळीत क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो आणि तो वाढवून भोंग्यातून ऐकवता येतो. अमेरिकेत रिकनबॅकर कंपनीने 1932 साली याच तत्त्वावरची हवाईयन गिटार बाजारात आणली. भारतात हा आवाज लोकांच्या कानी पडला तो मुख्यतः सिनेमाच्या गाण्यांमधून आणि व्हॅन शिपली, सुनील गांगुली यांच्या गिटारवादनाच्या रेकॉर्डमधून. गाण्याचे शब्द काढून नुसती चाल वाजवायची आणि तरीही ऐकणाऱ्याला शब्द ऐकू आल्यासारखे वाटावे, ही कला या रेकॉर्डनी घरोघर पोचवली. 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटात कल्याणजी यांनी क्लॅव्हियोलिन या विजेवरच्या वाद्यावर पुंगीचा आवाज काढला. ती धून वरातीत आजही वाजते. विजेचे वाद्य माणसाच्या गळ्यासारखे किंवा पुंगीसारखे ताणून गाऊ शकते, याची सर्वसामान्य श्रोत्याला पटलेली ही पहिली मोठी खूण होती.

बँजोला असा चुंबक-गुंडाळीचा पिकअप बसला तेव्हा आवाज मोठा झाला, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वर लांबला. साध्या पेटीवर छेडलेला स्वर क्षणात विझतो, म्हणून वादकाला नखी सतत वरखाली हलवून तो जिवंत ठेवावा लागे. मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आल्यावर एकाच आघाताचा स्वर पुढे रेंगाळू लागला. त्यात प्रतिध्वनीची सोय आली. मग वादकाला निवड करता येऊ लागली. कुठे नखीचा जलद कंप ठेवायचा, कुठे एक आघात करून स्वर तसाच सोडायचा, कुठे शेजारची कळ क्षणभर चाटून कण द्यायचा, कुठे तार बाहेरून दाबून स्वर अर्ध्या पायरीने वर ओढायचा. गायिकेने एखाद्या शब्दावर घेतलेली मुरकी वादक दोन-तीन कळांच्या झटक्यात उतरवतो. पुरुष गायकाचा खर्जातला भाग आला की सप्तक बदलतो आणि नखी हलकी धरतो. ऐकणारे मुख्यतः नाचणारे असतात, हे खरे आहे. तरीही कोणत्या पार्टीचा बँजोमास्तर ‘गाणं बोलवतो’ हे त्यांना नेमके ठाऊक असते आणि सुपारी त्यालाच मिळते.

या वाद्याच्या जन्मभूमीत इलेक्ट्रिक गिटारनेही असेच केले. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानात जॅझचे स्वरमेळ, रॉक आणि फंकचा ठेका आणि शब्दांविना गाणारी गिटार यांचा एक प्रवाह तयार झाला. इस्सेई नोरो या गिटारवादकाचा कॅसिओपिया हा गट आणि मासाहिरो आंदो यांचा टी-स्क्वेअर हे त्यातले ठळक, त्यांच्या जोडीला मासायोशी ताकानाका हा एकट्याच्या बळावर उभा राहिलेला गिटारवादक. कॅसिओपियाचा ‘मिंट जॅम्स’ हा अल्बम फेब्रुवारी 1982 मध्ये तोक्योच्या त्सुकिजी होंगान्जी या बौद्ध मंदिराच्या सभागृहात श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाला. टी-स्क्वेअरची 1987 ची ‘ट्रुथ’ ही रचना जपानी दूरचित्रवाणीवर फॉर्म्युला वन शर्यतींची ओळखधून बनली आणि घराघरात पोचली. या संगीतात गिटारवादक आधी चाल स्वच्छ मांडतो, ऐकणाऱ्याला ती पाठ होऊ देतो. मग तार बोटाने ओढून स्वर चढवत, कंप देत, चालीच्या भोवती फिरतो आणि नेमक्या मात्रेला मूळ चालीवर उतरतो. मैफलीत ध्वनिमुद्रणापेक्षा हा फेरफटका लांबतो, कारण समोरचे लोक त्याला जाण्याचे बळ देतात.

वऱ्हाडी वरातीतल्या बँजोवादकाने ही नावे ऐकलेली असण्याचे कारण नाही. पण त्याची रीत हीच आहे: मुखडा स्वच्छ, मग अंतऱ्याच्या जागी स्वतःची भर, नाचणाऱ्यांचा जोर पाहून ती वाढवणे आणि ताशाच्या तिहाईवर परतणे. स्वरमेळांच्या ज्ञानात जपानी गिटारवादक कितीतरी पुढे आहे आणि त्याच्या मागे संगीतशाळा, ध्वनिमुद्रणगृहे आणि यामाहासारखे गिटार बनवणारे कारखाने उभे आहेत. बँजोवाल्याच्या मागे गुरू म्हणजे आधीच्या पार्टीतला मोठा माणूस आणि सरावाची जागा म्हणजे रस्ता. तारेतून गळा काढण्याची धडपड मात्र दोघांचीही आहे, आणि ती ऐकण्यासाठी लागणारा कानही एकच आहे.

जपानशी हे नाते पुढे आणखी घट्ट झाले. कॅसिओने 1980 साली कॅसिओटोन हा स्वस्त कीबोर्ड काढला, रोलंड कंपनीने 1985 साली ऑक्टापॅड. भारतात ही वाद्ये आधी वाद्यवृंदांत आली आणि मग बँजो पार्ट्यांत. हातगाडीवर किंवा टेम्पोच्या हौद्यात भोंगे, जनरेटर, कीबोर्ड, पॅड आणि मधोमध बँजो. पुढे चालत ताशे आणि ढोल, असा पार्टीचा ठसा तयार झाला. मुंबई-कोकणात या पार्ट्यांनी कोळीगीतांचा आणि गणपतीच्या गाण्यांचा साचा घडवला. नागपूरकडे धुमाल या मिरवणुकीच्या वादनप्रकाराचा दणदणीत ठेका पुढे आला आणि तो यवतमाळ, वणी, पांढरकवडा या बाजूलाही ऐकू येऊ लागला. धुमालमध्ये ताल इतका मोठा असतो की चालीचे वाद्य तीक्ष्ण असावेच लागते. बँजोचा धातूसारखा आवाज त्याला फावला. अनेक ठिकाणी कीबोर्डने बँजोची जागा घेतली. कारण कीबोर्ड सुरात लावावा लागत नाही, त्याची तार तुटत नाही आणि पुंगीपासून सनईपर्यंत सगळे आवाज एका बटणात मिळतात. पण साध्या कीबोर्डची कळ दाबल्यानंतर स्वरावर हात राहत नाही, आणि तारेवर तो शेवटपर्यंत राहतो. ही उणीव कानाला चटकन जाणवते.

पार्ट्यांना खरा फटका डीजेने दिला. ध्वनिमुद्रित गाणे, मोठे ध्वनिक्षेपक आणि दोन माणसे यांत काम होत असल्याने दहा-पंधरा वादकांची पार्टी महाग वाटू लागली. आवाजाचे कायदेही याच काळातले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 च्या निकालात ही मनाई उचलून धरली. सणांसाठी वर्षातून मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना आहे. नियम सर्वांना सारखे असले तरी त्यांचा भार सारखा पडत नाही: डीजेवाला आवाज कमी करून तेच गाणे वाजवू शकतो, पण ताशा-ढोलांमध्ये उभ्या असलेल्या बँजोला आवाज कमी करून चालत नाही. दुसरीकडे, डीजेवर जिथे कडक बंदी येते तिथे जिवंत वाद्यांना पुन्हा मागणी येते.

रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट 2016 साली आला. त्यात रितेश देशमुखने रस्त्यावरच्या बँजोवादकाची भूमिका केली. वादकांच्या कलेची मोठ्या पडद्यावर घेतलेली ही दुर्मीळ दखल. तिच्यापलीकडे या वाद्याचे नियमित शिक्षण, वादकांच्या आठवणींचे संकलन, जुन्या पार्ट्यांच्या कॅसेटचे जतन यांतले फारच थोडे झाले आहे. जपानात तैशोगोतोचे वर्ग भरतात, सामूहिक वादनाचे कार्यक्रम होतात आणि वाद्याच्या जन्माची नोंद नागोयात अभिमानाने सांगितली जाते. यवतमाळ जिल्ह्यात आणि एकूण विदर्भात पिकअप बसवलेल्या बँजोवर आयुष्य काढलेली माणसे आज उतारवयात आहेत. त्यांचे वादन नीट ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम जिल्ह्यातली महाविद्यालये आणि ग्रंथालये करू शकतील, आणि ते आत्ताच करायला हवे.