एका रात्रीचे देऊळ



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा शाळेच्या आठवणी इतर मंडळी लिहितीलच, म्हणून मी आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका देवळाविषयी लिहायचे ठरवले. अंबरनाथचे शिवमंदिर. खर्डीहून लोकलने कल्याण, तिथे कर्जतची गाडी बदलली की पोहोचलोच.

पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधले, उजाडले म्हणून शिखर अपुरे राहिले, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. आजही गाभाऱ्यात पायऱ्या उतरून गेल्यावर वर पाहिले तर शिखराच्या माथ्याजागी आभाळ दिसते. कथेला आधार मिळाला तो इथेच.

दगडावरचा लेख मात्र वेगळे सांगतो. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख आहे. त्यात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा माम्वाणी याचे नाव येते. त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या काळात काम सुरू झाले असे मानतात. छित्तराज, नागार्जुन आणि माम्वाणी हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर आले. म्हणजे कथेतले भाऊ खरे, फक्त पाचाऐवजी तीन, आणि एका रात्रीऐवजी कित्येक वर्षे!

याच सुमारास, 1061 मध्ये, जर्मनीत स्पायरच्या कॅथेड्रलचे पवित्रीकरण झाले. तिथे जाड भिंती आणि अर्धगोल कमानी, तर इथे काळा दगड आणि भूमिज शैली. चार दिशांना वर चढत जाणारे नक्षीदार पट्टे आणि मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी, ही या शैलीची खूण. तशीच घडण पाहायची तर कसारा घाट चढून सिन्नरच्या गोंदेश्वराला जावे.

मी नोकरीनिमित्त पाहुण्यांना बऱ्याचदा अंबरनाथला नेले. प्रत्येक वेळी कोणीतरी पांडवांचे नाव घेतेच. त्यात भक्ती आहे, हे मला मान्य. पण मनात येते, ज्यांनी छिन्नी धरली, दगड वाहिले, ती माणसे आपल्या आजोबा-पणजोबांसारखीच कष्टकरी असणार. त्यांची सारी वर्षे आपण एका रात्रीत जमा करून टाकतो. जे आपोआप झाले असे वाटते, त्याची निगाही मग कोणी मनावर घेत नाही. साडेनऊशे पावसाळे सोसून मूर्तींचे चेहरे झिजले आहेत, आणि शेजारच्या वालधुनी नदीत कारखान्यांचे सांडपाणी वाहते.

नातवंडांना पांडवांची गोष्ट अवश्य सांगा. मग त्यांना उत्तरेच्या दाराशी उभे करून शके 982 चीही सांगा. महाशिवरात्रीला जत्रेची गर्दी असते, म्हणून एखाद्या साध्या दिवशी सकाळी जावे. चार-पाच जण जमलो तर मी बरोबर यायला तयार आहे.