पोट ताठ, कणा शाबूत

टेनेसी राज्यातल्या जॉन्सन सिटीजवळ शेती करणाऱ्या बॉब पीपल्सने १९४९ साली सव्वासातशे पौंड, म्हणजे सुमारे ३२९ किलो वजन जमिनीवरून उचललं. त्याचं स्वतःचं वजन होतं ८२ किलोच्या आसपास. हा आकडा आजही छाती दडपवतो, पण आजच्या प्रशिक्षकाला खरा घाम फुटेल तो त्याची पद्धत पाहून. पीपल्स आधी छातीतली हवा सोडून द्यायचा, पाठीला वरच्या बाजूने मुद्दाम बाक द्यायचा आणि मग दांडा ओढायचा. हिशेब साधा होता. छाती रिकामी झाली आणि खांदे पुढे आले की दांडा तेवढा कमी उंच न्यावा लागतो. आज पॉवरलिफ्टिंगच्या कुठल्याही जिममध्ये नवशिक्याला नेमकं उलटं सांगतात: पोटात श्वास भर, कोंडून धर, पोट चारी बाजूंनी ताठ कर आणि मगच वजनाला हात लाव.

पीपल्सपासून इथपर्यंत येताना पोटाच्या स्नायूंविषयीची समजूत पार उलटीपालटी झाली. गंमत म्हणजे या प्रवासात बरेचदा वजन उचलणारे पुढे होते आणि प्रयोगशाळा मागून धापा टाकत येत होत्या.

पीपल्सच्याही आधीच्या काळात पोट ही दाखवायची गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो रंगमंचावर उभा राहून एकेक स्नायू वेगळा काढून दाखवायचा, आणि त्यात पोटावरच्या गाठी प्रेक्षकांच्या खास आवडीच्या. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानचा दौराही करून गेला. आपल्याकडे त्याचं नाव उरलं ते बिनबाह्यांच्या बनियनवर. सँडोचा गुरू प्रोफेसर अटिला याला ‘रोमन चेअर’चं श्रेय दिलं जातं. पाय अडकवून मागे पूर्ण झुकायचं आणि हातात वजन घेऊन पुन्हा उठून बसायचं, असा तो प्रकार. जर्मनीचा आर्थर सॅक्सन तर ‘बेंट प्रेस’साठी प्रसिद्ध होता. एका हातात दांडा खांद्याशी धरायचा आणि तो वर ढकलण्याऐवजी स्वतःच त्याच्याखाली विरुद्ध बाजूला वाकत जायचं. हात सरळ झाला की उठून उभं राहायचं. त्याच्या नावावर या प्रकारात ३७१ पौंड, म्हणजे १६८ किलो आहेत. एवढं वजन डोक्यावर असताना कमरेत वाकून परत उभं राहायचं तर पोटाच्या बाजूचे स्नायू कसे हवेत, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे पोटाचं माप म्हणजे सिट-अप, असं समीकरण शाळांमध्ये आणि सैन्यात रुजलं. १९५०च्या दशकात हान्स क्राउस आणि सोन्या वेबर यांच्या सहा सोप्या चाचण्यांत निम्म्याहून अधिक अमेरिकी मुलं नापास झाली, तर युरोपातली दहातलं एखादंच. यातल्या काही चाचण्या पोटाच्या होत्या. या निकालाने व्हाइट हाउसपर्यंत खळबळ उडाली आणि १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी मुलांच्या तंदुरुस्तीसाठी खास परिषद नेमली. मग पुढच्या पिढ्यांनी मिनिटात किती सिट-अप होतात ते मोजण्यात बालपण घालवलं. पोट म्हणजे पुढे वाकण्याचं यंत्र, ही समजूत यामुळे घट्ट झाली.

वजनाच्या दुनियेत मात्र तेव्हा वेगळाच तमाशा चालू होता. ऑलिंपिक भारोत्तोलनात ‘प्रेस’ नावाचा प्रकार होता: खांद्यावरचं वजन पाय न हलवता डोक्यावर न्यायचं. १९५५ साली मॉस्कोत पॉल अँडरसनने यातच ४०२ पौंड, म्हणजे १८२ किलोहून जास्त वजन ढकलून रशियन प्रेक्षकांना वेड लावलं होतं. पण साठच्या दशकात खेळाडू मागे इतके झुकू लागले की उभ्यानेच बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून वजन ढकलणं, चालल्यासारखं दिसे. कमरेची कमान आणि तिला पुढून धरून ठेवणारं पोट, सगळा खेळ या दोघांवर आला. कुठवर झुकणं चालेल यावर पंचांचं एकमत होईना, आणि १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस कायमचा बाद झाला.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला. खेळ त्याआधीच उभा राहिला होता. पेनसिल्वेनियातल्या यॉर्कमध्ये, बॉब हॉफमनच्या यॉर्क बारबेल कंपनीच्या गावात, १९६४ आणि १९६५ साली पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. १९७३ मध्ये हॅरिसबर्गला जागतिक स्पर्धा भरली. खांद्यावर वजन घेऊन बसून उठायचा स्क्वॉट, बेंच प्रेस आणि जमिनीवरून वजन ओढायचा डेडलिफ्ट हे तीनच प्रकार. यात पोटाला ना गुण, ना टाळ्या. ते कपड्यांआड आणि कमरेच्या पट्ट्याखाली जाऊन बसलं, आणि खरं काम त्याला तिथेच मिळालं.

हे काम काय, यावर डॉक्टरांनी आधीच डोकं घातलं होतं. १९५७ साली डी. एल. बार्टेलिंक यांनी ब्रिटनच्या हाडांच्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात मांडलं की पोटातला दाब वाढला की तो आतून छातीचा पडदा वर रेटतो आणि कमरेच्या मणक्यांमधल्या गाद्यांवरचा भार हलका करतो. घट्ट फुगवलेल्या फुटबॉलवर टेकून उभं राहावं, तसं काहीसं. १९६१ मध्ये मॉरिस, लुकास आणि ब्रेसलर यांनीही धड हे नुसतं ओझं नसून कण्याचा आधार आहे, अशीच बाजू घेतली. नंतरच्या गणितांनी बार्टेलिंकचे आकडे बरेच खाली आणले. भार हलका होण्यापेक्षा महत्त्वाचं निघालं ते धडाचं ताठपण: पुढचे, बाजूचे आणि पाठीचे स्नायू एकाच वेळी आवळले की कणा जागेवरून हलत नाही.

पोटातला दाब मराठी मुलखात तर बार्टेलिंकच्याही तीसेक वर्षं आधी मोजला गेला होता, फक्त उलट्या दिशेने. बडोद्यात माणिकरावांच्या हाताखाली व्यायाम शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापलं आणि ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने पाहिलं. श्वास पूर्ण बाहेर टाकून पोट आत खेचल्यावर मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. गुरू माधवदासांच्या नावावरून या पोकळीला त्यांनी ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं. वजन उचलणाऱ्याला हवं ते याच्या नेमकं उलट. पण पोटाच्या भिंतीमागे मोजता येण्याजोगं काही घडतं, हे यंत्र लावून दाखवणाऱ्यांत लोणावळा बरंच आधी होतं, याचा उल्लेख व्यायामशास्त्राच्या इतिहासात फारसा होत नाही.

श्वास कोंडण्याच्या क्रियेला वैद्यकात व्हाल्साल्वाचं नाव आहे. हा इटालियन शरीरशास्त्रज्ञ कानाचा अभ्यासक. १७०४च्या त्याच्या ग्रंथात ही युक्ती आली ती कानातला पू बाहेर काढण्यासाठी! ती वजनाखाली केली की शरीरात काय उसळतं, ते १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडुगल आणि सहकाऱ्यांनी मोजलं. पाच बॉडीबिल्डरांच्या दंडाच्या धमनीत बारीक नळी बसवली आणि त्यांना जड वजनाचा लेग प्रेस करायला लावला. सरासरी रक्तदाब ३२०/२५०वर गेला. एकाचा तर ४८०/३५०च्या पुढे. आपल्याकडे १४० दिसला की घरातलं मीठ बंद होतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्याला डॉक्टर असा दम कोंडू देत नाहीत, ते यासाठीच.

पोटाच्या मेहनतीला पॉवरलिफ्टिंगमध्ये मानाचं पान मिळालं ते गॅरेजमधून. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत बिल ‘पीनट्स’ वेस्टच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकात वेस्टसाइड बारबेल क्लब जमायचा. ओहायोतल्या कोलंबसचा लुई सिमन्स या मंडळींचे लेख मासिकांत वाचून शिकला आणि पुढे स्वतःच्या जिमला त्याने तेच नाव दिलं. १९७३ साली त्याच्या कमरेला जबर दुखापत झाली. त्यातून सावरताना त्याने उंच पाटावर पोटावर झोपून, लोंबत्या पायांना वजन बांधून मागे झुलवण्याचा व्यायाम बसवला. ‘रिव्हर्स हायपर’ नावाने त्याचं यंत्र झालं, पेटंटही मिळालं.

सिमन्सचा आग्रह असा की माणूस उभ्याने वजन उचलतो, तर पोटही उभ्यानेच तयार व्हावं. म्हणून वरच्या पुलीच्या यंत्राकडे पाठ करायची, पुलीचा पट्टा मानेमागून छातीवर घ्यायचा आणि पोट फुगवून ताठ ठेवत खाली दाबायचं. जोडीला बाजूला वाकणं, वजन घेऊन सिट-अप, लोखंडी घसरगाडी ओढणं. हे तो ‘पॉवरलिफ्टिंग यूएसए’ या मासिकात वर्षानुवर्षं लिहीत राहिला. त्याची सगळी मतं पटण्यासारखी नव्हती, आणि नम्रतेशी त्याचं फारसं जमलंही नाही. पण कमरेचा पट्टा कमर दाबण्यासाठी नाही, पोटाला बाहेर रेटायला काहीतरी असावं म्हणून आहे, हे त्याने एका पिढीच्या डोक्यात पक्कं बसवलं. महासंघाच्या नियमात हा पट्टा जास्तीत जास्त १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड चालतो. तो नीट आवळला की नुसतं वाकून बुटाची नाडी बांधणंही जड जातं.

कोलंबसमध्ये पोट बाहेर रेटलं जात असताना फिजिओथेरपीच्या जगात ते आत ओढायची लाट आली. १९९६ मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांना दिसलं की कंबरदुखी असलेल्यांत हात हलवताना पोटाचा सर्वांत आतला, आडवा स्नायू उशिरा जागा होतो. निरीक्षण मोलाचं होतं. त्यावरून जगभरच्या वर्गांत ‘नाभी आत ओढा’ हा एकच मंत्र सुरू झाला, तो मात्र त्या निरीक्षणाच्या आवाक्याबाहेरचा होता. पॉवरलिफ्टरांनी तो फारसा मनावर घेतला नाही. दोनशे किलो खांद्यावर असताना पोट आत ओढून पाहणाऱ्याला उत्तर लगेच मिळतं.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल या लाटेच्या विरुद्ध उभे राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आणि याचेक होलेविकी डेडलिफ्ट करणाऱ्या पॉवरलिफ्टरांचा कणा क्ष-किरणांच्या चलत्चित्रात टिपत होते. एकदा चित्रण चालू असतानाच एका लिफ्टरला कळ आली आणि त्याने वजन टाकलं. नंतर पाहिलं तर सगळे मणके आपापल्या जागी होते. फक्त कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामधला सांधा क्षणभर त्याच्या वाकण्याच्या कमाल मर्यादेपुढे गेला होता, जेमतेम अर्धा अंश. धडावर एवढे स्नायू असूनही एका सांध्यापुरती पकड निसटली होती. त्यानंतर मॅकगिल यांचा भर एकाच स्नायूवर राहिला नाही. सगळं धड एकदम आणि हवं तेवढंच आवळता येण्यावर आला. त्यांचे तीन व्यायाम दिसायला अगदीच मिळमिळीत. एक गुडघा दुमडून, कमरेखाली हात ठेवून डोकं-खांदे बोटभर उचलायचे. कोपरावर कुशीत आडवं तोलायचं. रांगत्या अवस्थेत विरुद्ध हात-पाय लांबवायचे.

अमेरिकन पॉवरलिफ्टर ब्रायन कॅरोल मॅकगिल यांच्याकडे गेला तेव्हा त्याच्या माकडहाडावरच्या हाडाला तडा होता आणि कमरेचे मणके खराब झाले होते. या मिळमिळीत व्यायामांपासून त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली. २०१७ मध्ये दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिलं आणि २०२० मध्ये कॅरोलने जाड स्क्वॉट सूट घालून १३०६ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५९२ किलोंचा स्क्वॉट मारला. तोवर कुणीही स्पर्धेत एवढं वजन घेऊन बसून उठलं नव्हतं.

पोटाचं माप म्हणजे सिट-अप, हे जुनं समीकरणही शेवटी सैन्यातच मोडलं. अमेरिकी लष्कराच्या शारीरिक चाचणीत १९८० पासून दोन मिनिटांच्या सिट-अप होत्या. २०२२ मध्ये अधिकृत झालेल्या नव्या चाचणीत त्या काढून टाकल्या. त्यांच्या जागी सैनिकाला आता कोपरांवर पालथं तोलून, पोट न हलवता प्लँक धरावा लागतो आणि त्याच चाचणीत तीन वेळा जड डेडलिफ्ट उचलावा लागतो. २०२५ साली चाचणी पुन्हा बदलली, तरी हे दोन्ही प्रकार कायम राहिले.